चकतीमुक्त मंडळ

माणसाची समाजातली जागा त्याच्या सायकलच्या मागच्या चाकावरून ठरते. शिक्षण, स्वभाव, घराणं या गोष्टी त्यानंतर येतात, आणि बऱ्याचदा येतही नाहीत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गिअरची नवी सायकल घेतली, की मागच्या चाकात, गिअरची चक्रं आणि स्पोक यांच्या मध्ये, प्लास्टिकची एक पारदर्शक चकती बसवलेली असते. चहाच्या बशीएवढी. तिला काम एकच. गिअर बिघडून चेन आतल्या बाजूला घसरलीच, तर ती स्पोकमध्ये अडकू द्यायची नाही. चेन स्पोकमध्ये अडकली की चाक जागच्या जागी थांबतं. सायकलस्वार थांबत नाही. (यात विज्ञान आहे.)

आमच्या भागात सकाळी सायकल चालवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. चकतीबाबत मंडळाचं धोरण स्पष्ट आहे: ती काढावी. कारणं पत्रकात दिलेली आहेत. एक, चकतीला वजन असतं. (अध्यक्षांच्या पोटाबाबत पत्रक मौन बाळगतं.) दोन, ती काही महिन्यांत पिवळी पडते आणि मंडळाच्या फोटोत दिसते. तीन, आणि हे मुख्य: गिअरची सेटिंग बिघडल्याशिवाय चेन आत घसरत नाही, आणि जाणकाराची सेटिंग बिघडत नाही. तेव्हा चकती ठेवणं म्हणजे 'मला यातलं काही कळत नाही' अशी पाटी गळ्यात अडकवून गावभर हिंडणं.

आता कुणी विचारेल, जाणकाराचीही बिघडली तर? तर तो जाणकार नव्हता. मंडळाच्या स्थापनेपासून एकाही जाणकाराची चेन घसरलेली नाही, ती याच पद्धतीने.

फेरी संपली की मंडळ चहाच्या टपरीवर बसतं. तिथे दोन बाक आहेत. भिंतीकडच्या बाकावर चकतीमुक्त सदस्य बसतात. रस्त्याकडच्या बाकावर बाकीचे. तसा काही नियम नाही. नियम असता तर मोडता आला असता. मंडळाने केलेल्या पाहणीत रस्त्याकडच्या बाकावर बसणाऱ्या शंभर टक्के लोकांच्या सायकलींना चकती आढळली. (पाहणीतली एकूण माणसं: आमचे हे.)

यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. सगळी नोकरी यांनी एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करण्यात घालवली. केसाएवढा फरक असला तरी माल परत. साहेब येऊन गेले, साहेबांचे साहेब येऊन गेले, यांचं उत्तर एकच: "मापात नाही." पुढे कारखाना बंद पडला आणि हे घरात आले. पहिला महिना त्यांनी माझे डबे तपासले. कुठल्या डब्याचं झाकण कुठल्या बाजूने सैल आहे ते मला रीतसर कळवलं. डबे संपले तसे गप्प झाले. जेवताना कारखान्याच्या गोष्टी सांगून भात गार करणारा माणूस, आता पाणी हवं असलं तरी स्वतः उठून घ्यायला लागला. नवऱ्याच्या बोलण्याचा कंटाळा येतो हे खरं आहे. पण न बोलण्याची भीती वाटते.

मग लेकीने सायकल पाठवली. फोनवर बजावलं, "बाबा, बाकी काहीही करा, ती चकती काढू नका." हे मंडळात जायला लागले, आणि परत आले की थोडंथोडं बोलायला लागले. मंडळातले दातांचे डॉक्टर काय म्हणाले, त्यावर सगळे कसे हसले. रस्त्याकडच्या बाकावरून अर्धंच ऐकू येतं, त्यामुळे आमच्या घरी विनोद अर्धेच पोचायचे. मी पुरती हसायचे.

एकदा न राहवून मीच म्हटलं, काढून टाका हो ती चकती एकदाची. एवढ्याशा बशीसाठी कशाला वेगळं बसायचं? तर म्हणाले, "मापात आहे. चांगला भाग का काढायचा?" बाक मात्र त्यांना हवा होता. टपरीवरून आले, की भिंतीकडच्या बाकावर अजून एक माणूस कसा मावतो ते बोटाने ओट्यावर आखून मला दाखवायचे.

अपघात झाला तो इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोरच्या चढावर. बाकीचे पुढे निघून गेले होते. अध्यक्ष मागे राहिले होते, कारण चढावर ते नेहमीच मागे राहून मार्गदर्शन करतात. त्यांच्या मागे आमचे हे. अध्यक्षांनी गिअर हलका केला, चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर चढली, आणि मार्गदर्शन मिळाल्यासारखी तशीच पुढे जाऊन स्पोकमध्ये शिरली. चाक थांबलं. अध्यक्ष आडवे झाले. मनगट मोडलं. रस्ता नवाकोरा, गुळगुळीत. त्यावर काहीही नव्हतं. स्पोकमधून चेन ओढून काढली ती यांनीच. घरी आले तेव्हा दहाही बोटं काळी होती.

अपघाताचं कारण शोधायला मंडळाची तातडीची बैठक टपरीवर भरली. चेन घसरली असं मानायला कुणाची हरकत नव्हती, पण तर्काची होती. चेन घसरली, तर अध्यक्ष जाणकार नव्हते. अध्यक्ष जाणकार नव्हते, तर त्यांचं ऐकून चकत्या काढणारे कोण? इथे डॉक्टरांनी सगळ्यांसाठी आणखी एकेक चहा सांगितला. मग इतर कारणांचा विचार झाला. कुत्रा आडवा आला, हे कारण सहसचिवांनी फेटाळलं (त्यांच्याकडे कुत्रा आहे). वारा त्या दिवशी नव्हता. खड्डा मात्र सर्वानुमते मंजूर झाला. खड्ड्याचं बरं असतं. तो कुणाचाच नसतो. आता फक्त साक्षीदार हवा होता.

हे घरी आले ते बोलतच आले. आधी बाकाचं सांगितलं. डॉक्टर सरकले, सहसचिव सरकले, आणि अध्यक्षांनी गळ्यात हात अडकवलेला असताना दुसऱ्या हाताने मधली जागा थोपटली. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. कोण किती सरकलं तेही. मग जरा थांबून पुढचं सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं होतं, "तपासनीस, तुम्ही माझ्या मागे होतात. खड्डा केवढा होता?"

प्रश्न नीट ऐका. होता का, असं विचारलंच नव्हतं. माप विचारलं होतं, आणि माप विचारल्यावर उत्तर न देणं यांना जन्मात जमलेलं नाही.

"मी म्हटलं, असेल वीतभर."

नखांतलं काळं अजून गेलं नव्हतं. मोरीशी उभे राहून ते पुन्हा साबण लावत होते. मी विचारलं, "खड्डा होता का हो?"

त्यांनी नळ मोठा केला.

"असायला जागा होती," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी चकती निघाली. आमचा सायकलवाला याबाबतीत तटस्थ आहे. काढायला आलेल्याला तो म्हणतो 'काढलेलीच बरी' आणि बसवायला आलेल्याला म्हणतो 'असलेलीच बरी', आणि दोघांनाही त्याच्याइतकं समजणारा माणूस भेटलेला नसतो.

वीतभर खड्ड्याची तक्रार सगळ्या सदस्यांच्या सह्यांनिशी रस्ते खात्याकडे गेली. खात्याने तिची तत्काळ दखल घेतली. (असलेल्या खड्ड्यांच्या तक्रारी मात्र रांगेत आहेत.) कामगार आले, खड्डा सापडेना. मुकादमाने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांच्या सह्या खोट्या कशा असतील, रस्ताच चुकत असेल. मग दाखवलेल्या जागी, दाखवलेल्या मापाची खडी आणि डांबर ओतून खड्डा बुजवण्यात आला. खड्डा नसल्यामुळे तो वर आला.

असा तो उंचवटा तयार झाला. त्यावरून गेलं की सायकलला असा दणका बसतो, की चांगल्या चांगल्यांच्या गिअरची सेटिंग हलते. म्हणून मंडळ आता तिथे पोचलं, की सगळे खाली उतरतात, सायकली हाताने पलीकडे नेतात आणि पुन्हा चढतात. अध्यक्षांच्या मते हा शिस्तीचा भाग आहे. नव्या पत्रकात त्याचा उल्लेख 'पारंपरिक पायी टप्पा' असा आहे.

आमचे हे आता भिंतीकडच्या बाकावर बसतात. विनोद पुरे ऐकू येतात, ते घरी येऊन पुरे सांगतात. अर्धेच बरे होते, पण मी हसते. चढाच्या वेळेला मात्र मला ओट्याशी काही सुचत नाही. जिन्याखाली सायकल टेकवल्याचा आवाज आला, की मग मी चहाचं आधण ठेवते.

गेल्या आठवड्यात मंडळात एक मुख्याध्यापिका दाखल झाल्या. बदली होऊन आलेल्या, नवी सायकल, चकतीसकट. त्यांना समजावून सांगायचं काम यांच्याकडे दिलं गेलं, कारण तपासणीतला माणूस म्हटल्यावर शब्दाला वजन येतं. बाईंनी सरळच विचारलं, "आणि चेन घसरली तर?"

"आमच्यात अजून कुणाची घसरलेली नाही," हे म्हणाले. घरी येऊन सांगताना त्यांनी स्वतःचा आवाजही काढून दाखवला. अगदी कारखान्यातला होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी दुसऱ्याच दिवशी चकती काढली.

आता तुम्ही म्हणाल, काही झालं तरी माणसाने खरं बोलावं. बरोबर आहे तुमचं. परवा मी इस्त्रीचे कपडे आणायला गेले होते, तेव्हा तुम्ही त्या चढावरून जाताना दिसलात. तुम्ही मंडळात नाही, तुम्हाला कुठला बाक नको आहे, अध्यक्षांना तर तुम्ही ओळखतही नाही. पण पुढचे मागच्यांना सांगत उतरले, म्हणून तुम्हीही उतरलात. उंचवटा डोळ्यांनी पाहिलात, त्यावरून सायकल उचलून नेलीत, आणि मागून येणाऱ्या बाईंना हात करून किती कळकळीने म्हणालात:

"जपून हं, इथे वीतभर खड्डा आहे."