नव्वद दिवसांची बाजरी

कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये याकोबआबांच्या तावडीत सापडलात, तर तुमच्यासाठी प्रार्थना झालीच म्हणून समजा! आधी ते नाव विचारतात, मग "काय दुखतंय-खुपतंय?" असं विचारतात, आणि दुसरा मजला यायच्या आत त्यांचा सुपाएवढा पंजा तुमच्या डोक्यावर पडतो. "हे आकाशातल्या बापा, ह्या कुलकर्णीसायबाच्या गुडघ्याकडं बघ." हा कुलकर्णी म्हणजे मी. सातव्या मजल्यावर बरोब्बर 'आमेन'. मध्येच कुणी उतरू लागलं तर आबा दारात पाय घालतात. प्रार्थना अर्धवट सोडून जाणं म्हणजे त्यांच्या मते जुंपलेले बैल शेतात ठेवून घरी जेवायला जाणं.

आबा म्हणजे माझ्या शेजारच्या डॅनियल साळव्याचे वडील. वय सत्त्याऐंशी, गाव नगर जिल्ह्यातलं, आणि जमीन अशी माळाची की चार कोस नजर फिरवली तरी आडवं यायला झाड नाही. सात वर्षांचे असताना औतामागं चालायला लागले ते मागच्या सालापर्यंत चालत होते. बायबल तोंडपाठ, पण त्यांच्या बायबलातले सगळे लोक नगरकडचे असावेत असं ऐकणाऱ्याला वाटतं. "आपल्या ईयोबाचं बघा ना," असं म्हणतात, आणि मला वाटतं ईयोब यांच्या बांधाला बांध लावून राहत असणार.

डॅनियल इथल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. सतराव्या वर्षी औत सोडून पुण्याला शिकायला पळाला, तो परत शेताकडे फिरकला नाही. बापलेकांत भांडण असं नाही. भांडण परवडलं असतं. "गोळी घेतली?" "घेतली." "एसी कमी करू?" "कर." एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. हा माणूस लिफ्टमधल्या परक्याशी सात मजले बोलतो आणि पोटच्या पोराशी सात शब्द बोलत नाही, याचं मला फार आश्चर्य वाटे.

सप्टेंबरात आबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. उतरल्या-उतरल्या त्यांनी पिशवीतून बाजरीची पुरचुंडी काढली आणि मला म्हणाले, "नव्वद दिसाची हाय. व्हिसाबी नव्वद दिसाचा. त्यानं बरोबर बसवून दिलंय."

त्याचं असं होतं. त्यांच्याकडे चर्चमध्ये वर्षातून एकदा कापणीची उपासना होते. ज्यानं जे पिकवलं त्यातलं पहिलं त्यानं देवापुढं न्यायचं. बाराव्या वर्षापासून आबा एकदाही रिकाम्या हातानं गेले नव्हते. दुष्काळात काहीच उगवलं नाही त्या साली बांधावरची बोरं नेली होती! इथल्या मराठी मंडळीची ही उपासना डिसेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी, आणि शनिवारी आबांचं परतीचं विमान.

"आबा, सुपरमार्केटातून किलोभर बाजरी आणून देतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझा गुडघाच नव्हे, सगळा माणूसच दुरुस्त करायला हवा. "दुसऱ्यानं घाम गाळायचा आन् आभार म्या मानायचे व्हय?"

झालं! गच्चीवर शेती सुरू झाली. लोणच्याच्या रिकाम्या बादल्या आल्या. शहराबाहेरच्या सुलैबियातल्या एका गोठ्यातून शेणखत आलं, तेही डॅनियलच्या नव्या गाडीच्या डिकीतून. डॅनियल पुढचा महिनाभर काचा खाली करून गाडी चालवत होता.

इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, धावत वर आला आणि "मम्नू! मम्नू!" म्हणून ओरडू लागला. मनाई! आबांनी मला विचारलं, "हा कुठला?" मी म्हणालो, "इजिप्तचा." आबा दोन पावलं मागं सरले. "मिसर देशाचा? जिथं योसेफानं कोठारं भरली तिथला?" आणि त्यांनी हारिसला मिठीच मारली! पुढं अर्धा तास एक अरबीत बोलत होता, एक नगरीत, आणि दोघं मातीचं ढेकूळ बोटांत चुरून एकमेकांना दाखवत होते. हारिस शेतकऱ्याचाच मुलगा निघाला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच पाण्याची नळी वर ओढून दिली.

खरा घोळ पुढं झाला. आबा प्रभूच्या दिवशी कामाला हात लावत नाहीत. गावी हा दिवस रविवार. पण कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारी. आता पाळायचा कुठला? कुणी म्हणालं शुक्रवार पाळा, रविवार सोडा. आबा म्हणाले, "देशाचं देशाला, घरचं घरला," आणि दोन्ही पाळू लागले! आठवड्यातले दोन दिवस शेत वाऱ्यावर. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुलकर्णीसायब, तुमी परराष्ट्रीय. तुमाला मोकळीक हाय." बायबलात ज्यांना देवाचे नियम लागू नाहीत त्यांना परराष्ट्रीय म्हणतात, त्यांच्यात मी जमा झालो, आणि शुक्रवारी-रविवारी पहाटे लुंगी खोचून बादल्यांना पाणी घालू लागलो. बायको म्हणाली, "घरातल्या तुळशीला कधी तांब्याभर घातलं नाहीत!"

पण काय सांगू, बाजरी निसवली त्या दिवशी मी ऑफिसातून गच्चीवर पळतच गेलो! बारीक, हिरवी, केसाळ कणसं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी उगवलं होतं, निम्मं का होईना.

दाणा दुधात आला आणि चिमण्यांना खबर लागली. कुवेत शहरातल्या झाडून सगळ्या चिमण्या आमच्या गच्चीवर! आबा उजाडल्यापासून ताट बडवत राखणीला बसायचे. शुक्रवारी मी बसायचो, रविवारीही ऑफिसातून सुट्टी काढून मीच. आता राहिला शेवटचा रविवार. त्या एका दिवसात चिमण्यांनी सगळं फस्त केलं असतं, आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या ऑफिसात ऑडिटर यायचे होते. मला सुट्टी मिळेना. आबांना सांगितलं तर म्हणाले, "त्याची इच्छा." पण आवाज पडला होता. मी डॅनियलला गाठलं. तो मोबाइलमधून मान वर न करता "बघतो" म्हणाला. म्हणजे नाहीच.

रविवारी जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी डोकं दुखतंय असं खोटं सांगून सुटलो, आणि लिफ्टची वाट न बघता जिना चढलो, दुखऱ्या गुडघ्यासकट. वरून आवाज येत होता. "हाऽऽ हुर्रऽऽ! हाऽऽ हुर्रऽऽ!"

बादल्यांच्या मधोमध डॅनियल उभा होता. टाय खांद्यावर टाकलेला, बाह्या दुमडलेल्या, हातात ताट आणि पळी. ती आरोळी काही बँकेत शिकवत नाहीत. लहानपणी माळावर शिकलेली ती अशी सणसणीत निघत होती की शेजारच्या इमारतीवरची कबुतरंसुद्धा उडाली. आणि पाण्याच्या टाकीमागं आबा उकिडवे बसले होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "गप," ते कुजबुजले, "आपण बघतोय हे कळलं तर थांबंल त्यो." डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंसुद्धा नाही. माझेही भरून आले, खोटं कशाला सांगू!

गुरुवारी आबांनी स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कणसं कापली. परातभर झाली.

शुक्रवारी मीही उपासनेला गेलो. त्यांच्यात देणगीसोबत चिठ्ठी देतात, कशाबद्दल आभार मानायचे त्याची, आणि पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, ती सर्वांपुढं वाचतात. कुणाच्या मुलीला चौथ्या खेपेला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं होतं, कुणाचं ऑपरेशन नीट झालं होतं. डॅनियल नेहमीसारखा दाराजवळच्या शेवटच्या बाकावर होता, आबा अगदी पुढं. मी त्यांच्या शेजारी.

"याकोब साळवे यांच्याकडून बाजरीची कणसं," पाळकांनी वाचलं. चिठ्ठीतली पुढची ओळ त्यांनी हळू आवाजात वाचली, "माझ्या डॅनियलनं माझं पीक राखलं म्हणून."

आबा काठी टेकत उभे राहिले.

"पाळकसायब, जरा मोठ्यानं वाचा," ते म्हणाले. "त्यो मागं बसलाय."