आधी ओढा, मग हसा

"बाई, शाळेचे नियम ज्या केसांना लागू आहेत, ते केस आपलेच असावे लागतात का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शेपटीने हे भर वर्गात विचारलं. शेपटी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. उंदराच्या शेपटीएवढ्या वेणीबद्दल वर्गाने एकमताने बहाल केलेली ती पदवी. बाईंनी चष्मा पुसला. "फाटकाच्या आत येतील त्या सर्व केसांना नियम लागू. मालक कोण, हा शाळेचा विषय नाही."

झालं! परवानगीच मिळाली. मंगळवारी वर्गाचा फोटो होता, आणि तो कायमचा भिंतीवर टांगला जाण्याआधी वेणीचा बंदोबस्त अत्यावश्यक होता.

रविवारी कामाची रीतसर वाटणी झाली. आईने डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालायच्या. बाबांनी त्यांतून क्रोशाची सुई घालून खोट्या केसांचा एकेक पेड ओढून घ्यायचा नि गाठ मारायची. बाबांचे स्वतःचे केस भर वाऱ्यातही हलत नसत. याविषयी घरात कुणी बोलत नसे. व्हिडिओतली बाई हे सगळं एकटीने, हसत हसत करत होती. इथे तिघांनी रडत रडत केलं.

"अगं, हलू नकोस!"

"बाबा, तो कान आहे!"

अखेर वेण्या कमरेपर्यंत उतरल्या. शेपटीने मान अशी काही झटकली, की टेबलावरचा कप खाली आला.

सोमवारी रखवालदारकाकांनी ओळखपत्र न्याहाळलं. "फोटोतली मुलगी वेगळी आहे."

"काका, मीच ती! रोज तुम्हीच तर आत सोडता."

"रोज तिला सोडतो. आज ती का नाही आली?"

बाई आल्या, त्यांनी निकाल दिला, "केस नियमात बसतात, मुलगी बसत नाही. उद्या ओळखपत्रातलीला पाठवा."

घरी उलटं काम सुरू झालं. खोटं कापायचं, खरं वाचवायचं. पण दोन्ही काळंच! बाबांनी शास्त्रीय पद्धत काढली. "आधी ओढायचं. किंचाळली तर खरा, नाहीतर कात्री."

पद्धत निर्दोष होती. पण मध्येच मैत्रिणीचा फोन आला. तिच्या कानात किंचाळणं काही शोभेना. शेपटी दात आवळून हसली, "छे गं, काहीच दुखत नाहीये!"

बाबांनी हे अधिकृत निवेदन मानलं आणि कात्री चालवली.

थोड्या वेळाने आईने ढिगातून एक बारीक वेणी उचलली. टोकाला शेपटीचं रोजचं लाल रबर होतं. "अहो... ही हिची."

डाव्या कानाच्या वर आता ब्रशासारखे खुंट उभे होते.

"टोपी घालू या," आई म्हणाली.

"ताप आलाय म्हणून कळवू," बाबा म्हणाले.

शेपटी आरशात बघत राहिली. आधी डोळे भरले, मग तिला फस्सकन हसूच फुटलं.

"ओळखपत्रातली येवो न येवो, उद्या मी जाणार. अशीच. पहिल्या रांगेत बसणार. आणि जो कोणी हसेल ना, त्याचे केस आधी ओढून बघणार. किंचाळला, तरच हसायची परवानगी."

बाबांचा हात हळूच स्वतःच्या डोक्याकडे गेला.

"सुरुवात घरापासून," शेपटी म्हणाली. "बाबा, जरा वाका बघू."