साळवे सरांचं परस्वेड

मी मास्तर होतो त्या अंबडच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे साळवे सर म्हशीलासुद्धा हाकत नसत, परस्वेड करत. म्हैस रस्त्यात बसली, की तिच्यासमोर उकिडवं बसून पलीकडच्या गवताचे फायदे सांगत. म्हैस उठायची. कंटाळून उठायची म्हणा, पण उठायची.

"परस्वेड म्हंजे नुसती बडबड न्हाई," सर वर्गात गरजत. "समोरचा हलला, तर परस्वेड. न्हाई हलला, तर ट्राइड टु परस्वेड. बराबर?"

"बराबर!" अख्खा वर्ग ओरडे. न ओरडणाऱ्याला सर परस्वेड करत, अन् त्यात मधली सुट्टी जाई.

एकदा तर कोर्टाच्या पायरीवर बांधासाठी भांडणाऱ्या दोन भावांना त्यांनी असं पटवलं, की दोघं डबलसीट गावी गेले. त्यांचे वकील महिनाभर सरांना पाहून रस्ता बदलायचे.

अन् हेच सर दर रविवारी कुंभार पिंपळगावला जाऊन हरून यायचे! तिथं त्यांचे वडील, आबा, एकटे राहायचे. बायको वारल्यापासून सरही इकडं एकटेच. आबांना अंबडला आणायचं म्हणून त्यांनी नळ, वीज, दवाखाना, सगळं सांगून पाहिलं. आबांचं उत्तर एकच, "जल्दी जा, गाडी चुकंल."

परतताना सर एसटीत शेजारच्या जागेवर रुमाल टाकायचे.

"कोन येनार हाय, सर?" कंडक्टर विचारी.

"आबा."

गाडी सुटे. रुमाल एकटाच अंबडला येई. सोमवारी फळ्यावर वाक्य ठरलेलं: 'आय ट्राइड टु परस्वेड माय फादर.'

एका रविवारी सासुरवाडीहून येताना मी त्याच गाडीत चढलो. पाहतो तर सरांशेजारी रुमालाच्या जागी एक म्हातारा. मांडीवर गाठोडं, गाठोड्यातून मान काढलेली कोंबडी.

"सर, केलंत की शेवटी परस्वेड!"

आबाच उखडले, "ह्यो? ह्यो काय खाक करतो! आज नळाचं न्हाई, दिव्याचं न्हाई. जेवता जेवता म्हणला, आबा, घरी एकट्याला भाकर जात न्हाई. बस, इतकंच. येडं कुठलं! आधी न्हाई सांगायचं?"

कोंबडीसुद्धा 'बराबर' म्हणाल्यासारखी कुरकुरली.

सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. रुमाल डोळ्यांवर.

"धूळ लई हाय," ते म्हणाले.

बाहेर रस्ताभर चिखल होता. पण मला बिलकुल पटलं.