सासरेबुवा : प्रमाण एकास एक

सासऱ्यांचं चित्र काढायचं हे मी एका मंगळवारी सकाळी, दुसऱ्या चहाच्या वेळी ठरवलं. ठरवायला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. निस्तरायला एकोणीस दिवस लागले.

त्या साथीच्या दिवसांत सगळं जग घरात कोंडलेलं होतं आणि कोंडलेल्या प्रत्येकाला आपल्यात एक कलाकार दडून बसल्याचा साक्षात्कार झाला होता. माझा मेहुणा पाव भाजू लागला आणि प्रत्येक पावाचे चारही बाजूंनी फोटो पाठवू लागला. (तो पाव कुणी खाल्ल्याचा फोटो मात्र कधी आला नाही.) आमच्या साहेबांनी बावीस वर्षांत माझ्या रजेच्या अर्जावर 'नाही' यापलीकडे एक शब्द लिहिला नव्हता, ते रोज सकाळी कविता पाठवू लागले. मी जमीन मोजणी खात्यात नकाशे काढणारा कारकून. नकाशे घरी न्यायला परवानगी नाही आणि घरी बसून काम करा असा हुकूम. तेव्हा मीही कलेकडे वळलो. पहिल्या आठवड्यात बासरी वाजवली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दोरीला बांधून एक चिठ्ठी खाली सोडली, तेव्हा बासरी सोडून वक्तृत्व घेतलं. रोज एक विषय, पाऊण तास, बायको भाजी चिरत असताना. (श्रोता उठून जाऊ शकत नाही अशी घरात तेवढीच एक जागा.)

पण आमच्या घरातली खरी अडचण म्हणजे सासरेबुवा. वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. कवळीचं माप द्यायला दोन दिवसांसाठी आले आणि तिसऱ्या दिवशी सगळं बंद झालं. कवळी दवाखान्यात अडकली, सासरे आमच्याकडे. तोंडात दात नसूनही तोंड थांबत नव्हतं. साबण किती झिजला, नळ किती गळतो, दूध किती कमी आलं, सगळ्याची तपासणी.

"जावईबापू, हा पेला दोनशे मिलिलिटरचा नाही. एकशे ब्याऐंशीचा आहे. तुम्हाला फसवलंय."

बायको हल्ली ओट्याला टेकून, डोळे मिटून उभी राहायची. वडिलांच्या बोलण्याने तिच्या नाकी नऊ आले आहेत हे कुणालाही कळलं असतं. मला तिची मनापासून दया आली. घरात जरा शांतता हवी, एवढंच तिला हवं होतं, आणि ती मिळवून द्यायची असं मी ठरवलं.

"बाबा, तुमचं चित्र काढू?"

"कशाला?"

"आठवण म्हणून."

"मी आहे की अजून," बाबा म्हणाले.

"बसा ना बाबा," बायको म्हणाली. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सुस्कारा सोडला. "बसतो. पण चित्रात दात घाला."

"घालतो. फक्त एक अट. हलायचं नाही आणि बोलायचं अजिबात नाही. जबड्याची रेषा बिघडते."

अशा रीतीने रोज दहा ते एक आमची बैठक सुरू झाली. आतल्या खोलीत इस्त्रीचं टेबल भिंतीला उभं टेकवलं, त्यावर मोठा कागद लावला, समोर खुर्चीत बाबा. एक शब्द नाही. त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून मीच काहीबाही बोलत होतो. मोजणीच्या साखळीचा इतिहास, साहेबांचा स्वभाव, बांधावरून भांडणारे भाऊ, वक्तृत्वाचे उरलेले विषय. अकरा वाजता बायको न सांगता चहा घेऊन आली, प्रेमाने हसली आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं. पलीकडून तिचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. लग्नानंतर प्रथमच मी एखादी गोष्ट बरोबर केली होती.

आता चित्राबद्दल. मला चित्र काढता येत नाही. (हे मला पहिल्या दिवशी सव्वादहाला कळलं.) डोळा काढायला गेलो, बटाटा झाला. पुसला, तर मोठा बटाटा झाला. शेवटी बावीस वर्षं जे केलं तेच केलं. टेप आणली, बाबांचा चेहरा मोजला, कागदावर चौकोन आखले आणि चेहऱ्याचा नकाशा काढला. डोंगराभोवती उंचीच्या रेषा काढतात तशा नाकाभोवती काढल्या, एकीत एक. कपाळ म्हणजे ओसाड पठार. सुरकुत्या ओढ्यांच्या निळ्या शाईत. कान हद्दीबाहेर जात असल्याने तुटक रेषेत. खाली कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, आणि 'प्रमाण एकास एक'.

आठवड्यात नकाशा पुरा झाला. पण पुरा झाला म्हणायची सोय नव्हती. पुरा झाला की दाखवावा लागणार, दाखवला की बाबा उठणार, उठले की बोलणार, आणि माझ्या बायकोची शांतता संपणार. म्हणून मी कोरड्या पेन्सिलीने हवेत रेघा ओढत बारा दिवस काढले.

"कुठवर आलंय?" बाबा एक वाजता विचारायचे.

"कानाचं काम चाललंय."

"अजून?"

"दोन आहेत ना, बाबा."

घात केला मेहुण्याने. पावांना कुणी विचारेनासं झालं होतं, तेव्हा त्याने परस्पर जाहीर केलं की रविवारी अकरा वाजता सगळ्यांनी फोनवर जमायचं, बाबांच्या चित्राचं अनावरण आहे. मी ताप आल्यासारखं वाटतंय म्हणून बघितलं. पण त्या दिवसांत तसं म्हणण्याची सोय नव्हती; लगेच लोक दारावर कागद चिकटवायला येत. रविवारी मी इस्त्रीच्या टेबलावरची चादर ओढली.

फोनमध्ये बारा नातेवाईक होते. बाराही जण फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. शेवटी आत्येसासूबाई म्हणाल्या, "डोंगर छान आलाय. पण आमचा दादा कुठे बसलाय?"

"तो डोंगर म्हणजे बाबांचं नाक," मी म्हणालो.

मेहुणा इतका हसला की त्याचा फोन खाली पडला आणि आम्हाला बराच वेळ त्याचं छत दिसत राहिलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सासऱ्यांची चेष्टा केली असं होणार, बायको वर्षभर बोलणार नाही, आणि बाबा मात्र उद्यापासून बोलणार.

बाबा उठले. खिशातून पट्टी काढली. नकाशावरचं नाक मोजलं, मग स्वतःचं नाक मोजलं. कपाळ मोजलं. दोन डोळ्यांमधलं अंतर दोनदा मोजलं.

"एका मिलिमीटरचाही फरक नाही," ते सावकाश म्हणाले. "चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकं चोख माप पाहिलं नाही मी. पास."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात मी मोठ्या मनाने म्हणालो, "बाबा, तुम्ही सुटलात. उद्यापासून बसायला नको."

बायकोचा चेहरा उतरला. ती बाबांना घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी पाणी प्यायला म्हणून मागोमाग गेलो आणि दाराशीच थांबलो.

"बाबा, अजून पंधरा दिवस. माझ्यासाठी," बायको म्हणत होती. "तीन तास घर कसं शांत असतं हो."

"अगं, एकोणीस दिवस झाले."

"मान दुखते का?"

"मानेचं काही नाही. कान दुखतात. त्या साखळीचा इतिहास मला तोंडपाठ झालाय. आणि उत्तरही देता येत नाही, जबडा हलतो म्हणे."

"मी तर पहिले तीन आठवडे त्यांचं सगळं एकटीने ऐकलं, बाबा. बासरीसकट."

मग बाबा म्हणाले, "बरं. डोक्याची मागची बाजू राहिली आहे म्हणून सांगतो. पाठमोरं बसलं की निदान चेहऱ्यावर कौतुक तरी ठेवावं लागणार नाही."

मी पाणी न पिताच परतलो. खरं सांगतो, फार लागलं मनाला. ज्या घराला मी शांतता दिली असं समजत होतो, त्या घरात मलाच खुर्ची, कागद आणि म्हातारा देऊन बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. मी कागद उलटा केला आणि तोंड घट्ट मिटून काम सुरू केलं. एक शब्दही बोलायचा नाही अशी शपथच घेतली होती. कळू दे यांना, माझ्या बोलण्यावाचून घर कसं ओकंबोकं वाटतं ते.

पंधरा मिनिटांनी बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वीस मिनिटांनी बायको पीठ लागलेल्या हातांनी धावत आत आली आणि तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती. ती पाहून मी विरघळलो. ती कपाटातून थर्मामीटर घेऊन आली.

"अहो, काय होतंय तुम्हाला? घशात दुखतंय का? आ करा."

मी काही सांगायच्या आत तिने ते माझ्या जिभेखाली सरकवलं. "आता तोंड उघडायचं नाही. दोन मिनिटं."

"दोन मिनिटांत माप बरोबर येत नाही," बाबा म्हणाले. "दुपारच्या जेवणापर्यंत राहू दे."