हेडफोनच्या बाहेर

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि महिन्याभरात डॉक्टरांनी तिच्या खोलीचा स्टुडिओ करून टाकला. अभ्यासाच्या टेबलावर कॉम्प्युटर आला, पलंगावर गिटार आली आणि पुस्तकांच्या फळीवर तो काळा डबा आला. डबा बुटांच्या खोक्याएवढा, पण त्याच्या पोटात म्हणे दोनशे अँप्लिफायर होते. बटण फिरवलं की मोठ्या सभागृहात ठेवलेला, तापून गुरगुरणारा जुना अँप्लिफायर हुबेहूब ऐकू येई. फक्त तो ऐकू येई डॉक्टरांना, हेडफोनमधून. बाहेर उरे ती नुसत्या तारांची टिकटिक.

डबा आला तो खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे. घरात खरा अँप्लिफायर होता तेव्हा पहिल्या सुरालाच काका खालून काठीने छत ठोकत. ठोकत ते ठोकत, वर बेताल ठोकत, याचं डॉक्टरांना जास्त वाईट वाटे. शेवटी बायकोच म्हणाली होती, "अहो, विका ते धूड, आणि कानाला काहीतरी लावून वाजवा. रोजची कटकट नको." डॉक्टरांनी ऐकलं. बायकोचं एकदा ऐकलं की नवरा पुढची काही वर्षं निर्धास्त होतो, तसे तेही झाले.

डॉक्टर दातांचे. लोकांना दिवसभर तोंड उघडायला लावायचं आणि बोलू मात्र द्यायचं नाही, हा त्यांचा धंदा. बायको ग्रंथपाल, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत 'शांतता राखा' या पाटीखाली बसणं आलं. ग्रंथपालबाई घरी येत त्या पोटात दिवसभराचं बोलणं साठवून, आणि डॉक्टर येत ते ड्रिलने किटलेले कान घेऊन. पूर्वी चहाच्या वेळी दोन्हीचा मेळ बसे. डबा आल्यापासून डॉक्टर कप घेऊन थेट खोलीत जाऊ लागले.

त्यांना एक धून रेकॉर्ड करायची होती. कॉलेजात चौघांचा बँड होता, आणि ही धून डॉक्टरांनी स्वतः बांधलेली. रेकॉर्डिंगची तारीख ठरली त्याच आठवड्यात गाणारा नोकरीला लागला, मग बेसवाला लागला, मग सगळेच शहाणे झाले. त्याला तीस वर्षं झाली. दाढ काढता काढता ती धून मध्येच आठवे आणि डॉक्टरांना कसंतरीच होई. आपलं काहीतरी कुठेतरी राहून गेलंय, आणि आता ते आणायला कुणी जाणार नाही, असं वाटे. मग एक दिवस त्यांचा जुना ड्रमवाला ठोक्या, जो दूरच्या गावी फरशांचं दुकान चालवत होता, फोनवर म्हणाला, "तू गिटार पाठव, मी ठेका भरतो. चौघं नाही तर दोघं."

तीन आठवडे नुसता अँप्लिफायर निवडण्यात गेले. एकाची गुरगुर बरोबर यायची, तर दुसऱ्याची धार. त्या जुन्या खोलीतला आवाज हवा होता, जिथे एका भिंतीला ओल होती आणि चौघांची वयं वीस होती. तेवढं सेटिंग काही डब्यात सापडेना. अखेर एका संध्याकाळी डॉक्टरांनी रेकॉर्डिंग सुरू केलं, डोळे मिटले आणि चुकत, थांबत, पुन्हा सुरू करत चाळीस मिनिटं वाजवलं. पडद्यावर आवाजाचे लहानमोठे डोंगर उमटत गेले. सातव्या खेपेला धून अखेरपर्यंत बिनचूक वाजली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ऐकून मात्र त्यांनी पाहिलं नाही. भरलेली दाढ लगेच चावून बघायची नसते, हा नियम ते पंचवीस वर्षं पेशंटना सांगत आले होते. चाळीस मिनिटांची फाइल त्यांनी जशीच्या तशी ठोक्याला पाठवली. चांगला तुकडा त्याने निवडावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात फोन आला. खुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापक दाढ बधिर व्हायची वाट बघत, गालात कापूस धरून पडले होते.

"ऐकलं," ठोक्या म्हणाला. त्याचा आवाज जड होता. "दोनदा ऐकलं. बायकोलाही ऐकवलं. ती रडली रे."

डॉक्टरांचा ऊर भरून आला. "सातवी खेप ना?"

"खेपेचं ठाऊक नाही. पण मी ठेका लावणार नाही. वहिनी बोलत असताना मध्ये वाजवायचं धाडस होत नाही."

"वहिनी कुठून आल्या मध्येच?"

ठोक्या म्हणाला, "तू ऐकलंच नाहीस का? अरे, डबा जोडलास, पण कॉम्प्युटरला त्याचं ऐकायला सांगितलंच नाहीस. त्याने आपल्याच मायक्रोफोनने ऐकलं. गिटार आहे म्हणा, मागे कुठेतरी. झुरळ चालल्यासारखी."

डॉक्टरांनी घाईघाईने दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर फाइल लावली. हा कॉम्प्युटर छतातल्या स्पीकरना जोडलेला होता, कारण पेशंटची भीती जावी म्हणून त्यावर मंद संगीत चालू असे. संगीत थांबलं. टिक, टिकटिक, टिक. आणि मग दवाखानाभर, बाहेरच्या बाकांपर्यंत, ग्रंथपालबाईंचा आवाज घुमला.

"चहा ठेवलाय हं. ऐकू येत नाहीच म्हणा. आज एक आजोबा आले, अकरा वर्षांनी पुस्तक परत करायला. म्हणाले, वाचून झालं नाही, पण आता होईल असं वाटत नाही. मला हसू आलं आणि मग कसंतरीच झालं. तुम्हाला सांगायचं म्हणून घाईघाईने घरी आले, तर तुम्ही आपले मान हलवत बसलेले." टिकटिक. "खालचे काका घर सोडून गेले, पंधरा दिवस झाले. हे तुम्हाला दोनदा सांगितलं. आता वाजवा की मोठ्याने. पूर्वी वाजवायचात तेव्हा डोकं उठायचं माझं. पण स्वयंपाकघरात असले तरी कळायचं, माणूस घरात आहे. मुलगी गेली, तिच्या खोलीत तुम्ही गेलात. आता मी कुणाशी बोलायचं? कपाटांशी तर दिवसभर असतेच." टिकटिक, टिक. "धून चांगली आहे हो. शेवट मात्र उगाच घाईत उरकता. घाई कसली आहे?"

डॉक्टरांना फाइल बंद करायचं सुचेना. बाहेरच्या बाकांवर कुणी खोकलंसुद्धा नाही. मुख्याध्यापकांनी गालातला कापूस काढून हातात घेतला आणि बधिर जिभेने म्हणाले, "घली झा डॉक्तल. दाड उद्यापन दुकेल."

डॉक्टर दवाखाना बंद करून घरी गेले. बायको आली, चहा झाला. हेडफोनला हात न लावता ते तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

"काहीही. आज ग्रंथालयात काय झालं?"

"काय व्हायचंय तिथे." तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "दवाखाना लवकर का बंद केलात? बरं नाही का?"

त्यांनी परोपरीने प्रयत्न केला. प्रत्येक प्रश्नाला "कुठे काय" एवढंच उत्तर आलं. रेकॉर्डिंगचं सांगावं, तर ती लाजेने कायमची गप्प होईल, ही भीती. डबा आल्यापासून डॉक्टरांची समोर बसून ऐकायची सवय सुटली होती, आणि ऐकणाऱ्या नवऱ्याशी बोलायचं कसं हे आता तिलाही आठवेना. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून बातम्या पाहिल्या. डॉक्टरांना तीस वर्षांपूर्वीच्या बँडची एवढी आठवण कधी आली नव्हती, जेवढी शेजारी बसलेल्या बायकोची आली.

दुसऱ्या दिवशी ते निमूट कप घेऊन खोलीत गेले. डबा सुरू न करताच हेडफोन चढवले, भिंतीकडे तोंड केलं आणि तारा उगाच छेडत बसले. पाच मिनिटांत मागे पलंग करकरला.

"चहात साखर कमी घातलीय," ती म्हणाली. "तुम्हाला कळणार नाहीच."

डॉक्टर मान हलवत राहिले. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कळलं होतं की ग्रंथालयातल्या शिपायाची मुलगी पास झाली, की बायकोचा डावा गुडघा गेले चार महिने दुखतोय, की मुलीचा फोन आला की बायको आधी हसते आणि ठेवला की रडते. गुडघ्याचं ऐकलं तेव्हा त्यांचा सूर चुकला. वळून बघावंसं फार वाटलं, पण वळलं तर हे सगळं बंद पडेल, म्हणून त्यांनी दात आवळून तीच तार छेडली. एवढ्या वर्षांत एका धुनेसाठी त्यांनी जेवढी साधना केली नव्हती, तेवढी त्या तीन संध्याकाळी केली.

चौथ्या दिवशी ती बोलता बोलता थांबली. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "त्या डब्याचा दिवा बंद आहे."

डॉक्टरांची बोटं तारांवर तशीच राहिली.

"पहिल्या दिवसापासून बंद आहे," ती म्हणाली.

त्यांचा हात हेडफोनकडे गेला.

"राहू द्या, काढू नका," ती म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."