चोवीस टाके आणि एक चिमटा

मानवी संस्कृतीची सगळी प्रगती एकाच गोष्टीवर उभी आहे: वस्तू घट्ट धरून ठेवणं. जावयाने हे वाक्य उच्चारलं आणि त्याच्या गुडघ्यांमधून सासऱ्यांची चामडी बॅग तिसऱ्यांदा घसरून जमिनीवर पडली.

"चामडं हाताने शिवायचं म्हणजे दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई," तो बायकोला म्हणाला. "एकाच भोकातून एक इकडून जाणार, एक तिकडून येणार. दोन्ही हात गुंतले. मग बॅग धरायची कोणी? माणसाला तिसरा हात हवा होता."

"लग्नात मिळाला होता की," बायको म्हणाली. "बावीस वर्षं तोच तर वापरताय."

खरं तर हे दुखणं त्याने स्वतःच विकत घेतलं होतं. सासरे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. चार दिवसांपूर्वी ते आले तेव्हा त्यांच्या बॅगेचं हँडल उसवलेलं होतं. बायको ती दुरुस्तीला टाकायला निघाली. जावई कचेरीत हेडक्लार्क असला, तरी त्याने त्याच आठवड्यात चामड्याचं पाकीट शिवण्याचे चार व्हिडिओ पाहिले होते. तो म्हणून गेला, "ठेवा इथे. मी शिवतो."

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जावईबापू, तुमच्या हाताला सही शोभते. सुई कशाला?"

सासरे वाईट नव्हते. बावीस वर्षांत जावयाने भिंतीवर ठोकलेल्या एकाही फळीवर त्यांनी कधी काही ठेवलं नव्हतं, इतकंच. "पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी दहाला येतो," ते म्हणाले. "झाली नसली तरी चालेल. आमचं कुठे अडलंय?"

ते 'चालेल' जावयाच्या जिव्हारी लागलं. आता प्रश्न हँडलचा उरला नव्हता, इभ्रतीचा झाला होता.

त्याने बॅग टेबलाच्या खणात अडकवून पाहिली. खणाची मूठ हातात आली. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला 'जरा धर गं' म्हणून बसवलं. दुसऱ्याच टाक्याला चामड्याला भोक पाडायची आरी तिच्या अंगठ्याला चाटून गेली आणि ती परीक्षा आहे म्हणून उठली. परीक्षा तीन महिन्यांनी होती.

शेवटी त्याने बॅग धरून ठेवायला लाकडी चिमटाच करायला घेतला. जुन्या पलंगाच्या दोन उभ्या फळ्या, त्यांच्यात आरपार बोल्ट, बोल्टला हाताने आवळायचा नट, आणि खाली मांडीखाली दाबून बसायला एक आडवी फळी. बॅगेवर वळ उठू नयेत म्हणून दोन्ही फळ्यांच्या तोंडाला आतून चामड्याची पट्टी लावली. लाकडाच्या वर बोटभर उंच ठेवली, जरा ऐटदार दिसते म्हणून. ती चिकटवली अशा जालीम गोंदाने, की त्या डबीचं झाकण पुन्हा कुणालाच उघडता आलं नाही.

यात तीन रविवार गेले, पण चिमटा झाला दृष्ट लागण्यासारखा. बायकोने एका बरणीचं हट्टी झाकण त्यात धरून फिरवलं, उघडलं आणि एक शब्दही बोलली नाही. त्या घरात यापेक्षा मोठी दाद नव्हती.

चौथा रविवार सासऱ्यांचा. जावई सकाळी सहाला चिमट्यावर स्वार झाला. बॅग जागची हलेना. आरी, सुई, सुई, खेच. आरी, सुई, सुई, खेच. चामडं अपेक्षेपेक्षा जाड लागत होतं, पण तो मनात म्हणाला, जुना माल असाच असतो. साडेनऊला चोविसावा टाका पडला. त्याने दोरा कापला, नट सैल केला आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या, बघा!"

दोघी आल्या. त्याने बॅग उचलली. बॅगेबरोबर चिमटाही उचलला गेला.

"हे काय?" बायकोने वाकून पाहिलं. "अहो, तुम्ही चिमट्याच्या पट्ट्यासुद्धा शिवल्यात. दोन्हीकडच्या!"

"म्हणजे सँडविच," मुलगी म्हणाली.

"उसवा आता पटकन."

"उसवू?" जावई कळवळला. "अगं, हा टाका उसवत नाही! एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात, हेच तर याचं वैशिष्ट्य!"

"मग मी कापते." बायकोने कात्री आणली. तिने कात्रीचं तोंड उघडलं आणि दाराची बेल वाजली. खात्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस दहाला म्हटल्यावर पावणेदहाला येतो.

सासरे आत आले. त्यांनी बॅग पाहिली, बॅगेला लोंबकळणारं लाकूड पाहिलं. "हे काय बसवलंत?"

"आजोबा, स्टँड आहे," मुलगी म्हणाली. "बाबांनी फुकट दिलाय."

"तू आत जा," जावई म्हणाला. ती गेली नाही.

"मला स्टँड नको. माझी बॅग द्या," म्हणत सासऱ्यांनी हँडल धरलं आणि ओढलं.

"बाबा, थांबा, तसं नाही निघायचं..." जावयाने फळ्या धरल्या.

"बघू कसं नाही निघत!" सासऱ्यांनी पाय सोफ्याला रोवला. जावयानेही टाचा रोवल्या. एकाला बॅग हवी होती, दुसऱ्याला टाके वाचवायचे होते. बायको कात्री घेऊन मधल्यामध्ये "अहो, बाबा! अहो!" करत राहिली. मग काडकन आवाज झाला. जावई फळ्यांसकट खुर्चीत पडला आणि सासरे बॅगेसकट सोफ्यावर बसले.

सासऱ्यांनी चष्मा नीट केला. हँडल उलटंसुलटं पाहिलं. मग खिशातून सहा इंची पट्टी काढली आणि टाके मोजायला घेतले. जावयाने डोळे मिटले.

"चोवीस," सासरे म्हणाले. "एकही हलला नाही. लाकूड तुटलं, टाका नाही तुटला." त्यांनी पट्टी पुन्हा लावली. "अंतर सगळीकडे सारखं. आणि दोन्ही बाजूंनी हा चामड्याचा तुकडा?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"ताण येतो ना तिथे," तो म्हणाला. "जोड द्यावाच लागतो."

"कारखान्यातसुद्धा नाही सुचलं त्यांना." सासरे उभे राहिले. "जावईबापू, हात आहे हो तुम्हाला!" त्यांनी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. "अगं, ऐकलंस का? आपल्या जावयाने शिवली. नाही, नाही, स्वतः! मी ओढून पाहिली ना!" मग धाकट्या मेव्हण्याला लावला, मग खात्यातल्या जुन्या साहेबांना. जावई प्रत्येक फोनला खुर्चीत वीतभर उंच होत गेला. बायकोने न सांगता दुसऱ्यांदा चहा केला.

त्या गोष्टीला आता आठ महिने झाले. इतकं चांगलं काम झालेली वस्तू वापरून खराब होईल, म्हणून सासऱ्यांनी बॅग जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. बाहेर जाताना ते प्लास्टिकची पिशवी नेतात.