निरोपाच्या पत्राची दुरुस्ती

घड्याळ दुरुस्ती करणाऱ्यांच्या मंडळात पगारी माणूस एकच होता. अंगाने बारीक, आवाज न करता दिवसभर हलणारा. म्हणून सगळे त्याला सेकंदकाटा म्हणत. मंडळाची ईमेल यादी तोच सांभाळी, आणि गेले अकरा दिवस तो एकाच पत्राशी झुंजत होता. कुणी सदस्य यादीतून बाहेर पडला, की सर्व्हर त्याला निरोपाचं ठरावीक पत्र आपोआप धाडी : "आपले नाव काढण्यात आले आहे."

"काढण्यात आले आहे?" सेक्रेटरी कडाडले होते. "अहो, रागावून गेलेला माणूस परत येतो, अपमान होऊन गेलेला नाही येत. यादीत दोनशे तीन सदस्य उरलेत. वार्षिक सभेच्या दिवशी आकडा दोनशेच्या खाली गेला, तर यादी बंद. मग तुमच्या खुर्चीचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा!"

सेकंदकाटा कामाला लागला. तासाभरात त्याने एक नम्र पत्र रचलं, सर्व्हरवरच्या साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, घातलं आणि परीक्षा म्हणून स्वतःचंच नाव यादीतून काढलं. उत्तर आलं : "आपले नाव काढण्यात आले आहे." सर्व्हर टेम्प्लेट चार फोल्डरांत शोधतो, असं कळल्यावर त्याने चारही ठिकाणी बदल केला. उत्तर तेच. चोवीस वेळा त्याने स्वतःला वगळलं आणि चोवीस वेळा यंत्राने त्याला त्याच थंडपणे वाटेला लावलं. आयुष्यात इतके नकार त्याला कधी मिळाले नव्हते. मिळावेत इतकं धाडसच त्याने केलं नव्हतं.

शेवटी, नेमका कुठला फोल्डर वाचला जातो हे कळावं म्हणून, त्याने प्रत्येकात वेगळी ओळ लिहिली. आधी 'चाचणी एक', 'चाचणी दोन'. अकराव्या दिवशी मात्र पहिल्या फोल्डरात बोटांनी आपसूक लिहिलं : "चाललात? जा. या खोलीत सतरा घड्याळं आहेत आणि एकही खरी वेळ सांगत नाही. तुम्ही गेल्याचं मात्र मला अगदी वेळेवर कळलं."

तरीही उत्तर तेच आलं. ओळी पुसायचंही त्राण न उरल्याने तो घरी गेला.

सोमवारी सर्व्हर सांभाळणारा गडी रजेवरून परतला. "अहो, टेम्प्लेट बदललं की सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. तोवर जुनंच डोक्यात धरून बसतो, आमच्या सासऱ्यांसारखा! सकाळीच केलाय मी. आता सगळं लागू."

सेकंदकाटा पहिल्या फोल्डरातली ओळ पुसायला धावला. तेवढ्यात फोन वाजला. मनोऱ्यांवरची घड्याळं दुरुस्त करणारे काका होते.

"सकाळी मी यादीतून बाहेर पडलो. ते पत्र कुणी लिहिलं?"

"चूक झाली, काका..."

"चूक कसली? सतरा घड्याळं चुकतायत आणि तुम्ही बघत बसलात? उद्या हत्यारं घेऊन येतो. आणि ऐका, मला परत आत घ्या."

काकांनी ही गोष्ट चौघांना सांगितली. एखादं यंत्र निराळं वाजतं असं ऐकलं, की त्याचं झाकण उघडल्याशिवाय घड्याळजीला घास गोड लागत नाही. दुपारपर्यंत आकडा एकशे एकसष्टवर आला.

"बेचाळीस माणसं!" सेक्रेटरी धापा टाकत आले. "एका सकाळीत! काय केलंत काय?"

"पत्र बघायला गेलेत, साहेब. परत येतायत."

खरंच येत होते. शिवाय पूर्वी रागावून गेलेल्यांनाही ते पत्र हवं होतं. त्यासाठी बाहेर पडायला हवं, आणि बाहेर पडायला आधी आत यायला हवं. संध्याकाळी आकडा दोनशे अकरा झाला. परतलेल्यांत शेवटचं नाव सेक्रेटरींचं होतं.

"साहेब, तुम्हीसुद्धा?"

"तपासायला नको का?" सेक्रेटरी खिडकीकडे बघत म्हणाले. "खुर्ची राहू द्या तुमची. दर महिन्याला नवं पत्र लिहायचं. असंच. जरा... खचलेलं."

ते गेल्यावर सेकंदकाटा लिहायला बसला. खुर्ची वाचली होती, माणसं परतली होती. मनात कुठेही खंत सापडेना आणि एक ओळ सुचेना. आता थकवा आणायचा तरी कुठून?

फोन वाजला. पुन्हा काकाच.

"परत आल्यावर स्वागताचं पत्र आलं. 'आपले नाव जोडण्यात आले आहे.' जोडण्यात? मी काय सुटा भाग आहे? ते टेम्प्लेटही बदला बरं."

सेकंदकाट्याने दीर्घ सुस्कारा सोडला, आणि त्याला पहिली ओळ सुचली.